लाल की राखाडी

आईने दारावरची मूठ घट्ट धरली, एक पाय आत टाकला, जरा दम घेतला आणि मग लाल गाडीत अख्खी जाऊन बसली. कुणाचाही हात न धरता. सीटवर दोनदा बूड उचलून, टेकवून पाहिल्यावर तिने निकाल दिला.

"उंची बरोबर आहे. पुढचं काय ते तुम्ही दोघं भांडा."

भांडण महिनाभर चाललंच होतं. जुनी गाडी इतकी बसकी होती, की तिच्यातून आईला बाहेर काढणं म्हणजे विहिरीतून भरली कळशी ओढणं. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा उंच एसयूव्ही घ्यायची हे एकमताने ठरलं. मतं फुटली ती कुठली घ्यायची यावर. शोरूममध्ये दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. लाल गाडीला पिकअप असा, की पायाखाली वारं बांधल्यासारखी धावे. पण पेट्रोलही तशीच गटागटा प्यायची. राखाडी गाडी पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चाले, लालच्या दुप्पट ॲव्हरेज देई आणि चालवायला, घरातल्या एका पक्षाच्या मते, शिळ्या भातासारखी होती.

हा पक्ष आईच्या मुलाचा, फोटोमास्तरांचा. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढत, म्हणून तिथे सगळे त्यांना फोटोमास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांच्यामागोमाग घरीही आलं होतं. बावीस वर्षं एका बिनखिडकीच्या खोलीत काचेआड उभं राहून ते सांगत आले होते, श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसाला चाळीस माणसांना श्वास रोखायला लावणाऱ्या या माणसाला एकदा तरी स्वतःचा श्वास रोखला जावासा वाटत होता. महिनाभर त्यांनी गाड्यांची परीक्षणं वाचली, व्हिडिओ पाहिले. रात्री जेवताना ते वळणावरच्या पकडीबद्दल असे बोलत, जणू घराला जिन्याऐवजी घाट होता.

दुसऱ्या पक्षात त्यांची बायको. ती शहर बससेवेत ड्रायव्हर होती, एकोणीस वर्षं. डेपोतल्या फळ्यावर दर महिन्याला कमी डिझेल जाळणाऱ्यांची यादी लागे आणि तिचं नाव पहिल्या ओळीतून खाली कधी उतरत नसे. हिचा पाय हलका आहे, असं मेकॅनिक कौतुकाने म्हणत. तिचं म्हणणं साधं होतं. गाडी म्हणजे माणसं इथून तिथे न्यायची वस्तू. मजा ज्याच्या हातात चाक असतं त्याला येते, मागच्यांच्या पोटात फक्त ढवळतं.

"लाल असली तरी पांढरा हत्तीच तो," ती म्हणाली होती.

उरली लेक. लहानपणी ठेवलेलं चिमणी हे नाव, बापापेक्षा चार बोटं उंच झाली तरी तिला चिकटून होतं. तिने तटस्थ राहायचं जाहीर केलं होतं, पण लाल गाडीशेजारी उभं राहून फोटो मात्र काढून घेतले होते.

आधी लाल गाडी बाहेर निघाली. चाकावर मास्तर, शेजारी बायको, मागे आई, चिमणी आणि शोरूममधली विक्रीवाली मुलगी. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मुलगी म्हणाली, सर, आता दाबा. मास्तरांनी दाबलं. गाडीने त्यांना पाठीला धरून सीटमध्ये ढकललं. समोरचा ट्रक बघता बघता बाजूला आला आणि मागे गेला. वळण आलं तसं चाक हाताला नेमकं उत्तर देत गेलं, आणि मास्तरांच्या तोंडून एक हसू निसटलं, जे त्यांच्या लेकीने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

शेजारी मात्र वेगळीच गाडी चालली होती. बायको दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसली की तिचा पाय मॅटवर ब्रेक शोधायचा. हे काही आजचं नव्हतं. मेहुणा असो, टॅक्सीवाला असो, नाहीतर ती स्वतः कर्मचारी म्हणून बसलेली डेपोचीच गाडी असो, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, कुत्रं आणि खड्डा तीच पाहायची. आताही तिने वरची मूठ धरली होती आणि मॅटवर पाय घट्ट दाबून ठेवला होता. मागून आई म्हणाली, की आपली कवळी एका वळणावर जरा मागे राहिली होती.

शोरूमच्या दारात मास्तर उतरले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं घरात कोपऱ्यातली खुर्ची कुठली, पडद्यांचा रंग कुठला, सुटीला जायचं कुठे, या सगळ्यात ते "तू म्हणशील तसं" म्हणत आले होते.

"घ्या लाल," ती म्हणाली.

"खरंच?"

"तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं. घ्या. पेट्रोलचं बघू."

मास्तरांना जिंकायची सवयच नव्हती. त्यांनी विनाकारण गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला. विक्रीवाल्या मुलीने, कागद तयार होईपर्यंत राखाडीतही एक चक्कर मारा, नियमच आहे, असं सुचवलं. जिंकलेल्या माणसाचा उदारपणा अंगात असल्याने मास्तर लगेच तयार झाले.

राखाडी गाडी सुरू झाली हेसुद्धा कळलं नाही. आवाजच नव्हता. मास्तरांनी पाय टेकवला तशी ती कुरकूर न करता, घाई न करता निघाली. मुलगी मागून बॅटरीविषयी सांगत होती, मास्तर मान डोलवत होते, मनाने अजून लाल गाडीत होते. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सिग्नलला थांबल्यावर त्यांना जाणवलं, की शेजारून बराच वेळ काही हालचाल नाही.

बायको झोपली होती.

पहाटे साडेतीनला उठून ती पहिली बस काढायला गेली होती आणि ड्युटी संपवून तशीच इथे आली होती. तेही नेहमीचंच. पण एकवीस वर्षांच्या संसारात चालत्या गाडीत तिचा डोळा लागलेला मास्तरांनी पाहिला नव्हता. लग्नानंतरच्या प्रवासातसुद्धा ती रात्रभर ड्रायव्हरचा आरसा बघत बसली होती. आता तिची मान कलली होती, हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं अर्धी मिटलेली. मॅटवरचा पाय सैल होऊन बाहेरच्या बाजूला कलंडला होता, लहान मुलाचा कलंडतो तसा.

हिरवा दिवा लागला. मास्तरांनी पाय इतका हळू टेकवला, की मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्यांनी आरशात त्या गाडीकडे असं पाहिलं, की आईलाही नवल वाटलं.

"सर, पुढच्या चौकात वळलं की शोरूम," मुलगी म्हणाली.

आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोट ओठांवर नेलं. मास्तरांनी वळायचा दिवा लावला होता, तो बंद केला. गाडी सरळ गेली.

मग ते नुसते चालवत राहिले. गतिरोधक लांबून हेरायचा, पाय आधीच काढायचा, गाडीला आपोआप मंदावू द्यायचं आणि चाकं अशी चढवायची-उतरवायची, की कललेल्या मानेला कळू नये. खड्डा चुकवायचा, पण झटका न देता. ब्रेक लावायचा तो शेवटी किंचित सोडून, म्हणजे गाडी मान न हलवता थांबते. हे बायकोनेच कधीतरी शिकवलं होतं आणि त्यांनी कंटाळून ऐकलं होतं. सोपं नव्हतं ते. दहा मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. एका उतारावर वळण, गतिरोधक आणि मध्ये आलेला सायकलवाला असं सगळं एकदम जुळून आलं, आणि गाडी त्यातून पाण्यावरून पान सरकावं तशी निघाली. बायकोचा श्वास एका लयीत चालूच राहिला. मास्तरांनी आपला सोडला. मागे चिमणीने आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

पाऊण तासाने ते परतले. गाडी उभी राहिल्याबरोबर बायकोने डोळे उघडले आणि ताठ बसली.

"आलो एवढ्यात?"

"छोटीशी चक्कर होती," आई म्हणाली.

विक्रीवाल्या मुलीचं लक्ष डॅशबोर्डवरच्या स्क्रीनकडे होतं. तिने हळूच विचारलं, सर आधी कुठल्या कंपनीकडे ड्रायव्हिंग करत होते का. इतकं ॲव्हरेज कुठल्याच ग्राहकाला मिळालं नव्हतं. मास्तरांनी आता कुठे तो आकडा पाहिला.

मुलीने कागद पुढे केला. "तर लाल गाडी, बरोबर ना?"

"हो, लाल," बायको म्हणाली.

"राखाडी," मास्तर म्हणाले.

बायको त्यांच्याकडे वळली. तिने आधी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला, मग चेहरा.

"असं अचानक का? आत्ता तर लाल म्हणत होतात."

चिमणीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आजीने तिला चिमटा काढला.

"ॲव्हरेज," मास्तर म्हणाले. "ॲव्हरेज फारच चांगलं आहे गं."

"मी महिनाभर दुसरं काय सांगत होते?" बायको म्हणाली, आणि समोरचा आरसा खाली ओढून, गालावर उमटलेला सीटबेल्टचा वळ हा कसला म्हणून चोळून पाहू लागली.