काविळीची माळ आणि ताकदीची डबी

मित्रांनो, माझ्या अंगावर बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.’ पौर्णिमाने ते वाचलंही होतं. पण ‘असं तर सगळ्यावरच लिहिलेलं असतं’ असं म्हणत तिने माझं झाकण फिरवलं.

मी एक जुनी प्लास्टिकची डबी आहे. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण नाव मिळालं ते रिसोडला. तिथल्या औषधाच्या दुकानात माझं छापील नाव कुणी घेतच नसे. ‘ताकदीच्या गोळ्या द्या,’ एवढंच म्हणत. ते ऐकून मी फुलून जायचे.

पौर्णिमाची लेक धम्मदीपा दीड वर्षाची, अजून अंगावर पिणारी. ती रात्रभर उठवायची. पौर्णिमाला सारखी धास्ती वाटे, की आपल्यातच काही कमी असेल, तर लेकीलाही ते कमी पडेल. म्हणून तिने मला विकत आणलं. तिचा नवरा प्रसेनजित मला हातात घेऊन हसला.

“झोप नाही तं थकशीनच. गोळीत झोप भरून देतात काय?”

“एक रात्र तुमी घ्या पोरीले, मंग बोला.”

मला कपाटात मानाची जागा मिळाली. रोज न्याहारीनंतर एक गोळी. आणि एका सकाळी पौर्णिमा न्हाणीतून घाबरून बाहेर आली. लघवी हळदीसारखी पिवळीजर्द झाली होती.

“कावीळच हाये बाई,” सासू भागिरथाबाई म्हणाल्या. “पोरीले पाजू नोको आता. माळ घालून आणू तुले.”

आमच्याकडे काविळीला झाडपाल्याची माळ डोक्यावर ठेवतात. ती वाढत पायांपर्यंत आली, की कावीळ उतरली असं समजतात. सगळे निघाले, मीही पौर्णिमाच्या पर्समध्ये होते. धम्मदीपा रडत आईच्या पदराला झोंबत होती, आणि पौर्णिमाही तोंड फिरवून रडत होती. प्रसेनजितला ते बघवेना.

“माळ मंग घालू. पयले डॉक्टरले दाखवू.”

डॉक्टर मंतशा यांनी डोळे पाहिले, रक्त तपासलं. सारं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, “गोळ्या-औषधं काय घेता तुम्ही?” पौर्णिमाने पर्समधून मला काढलं.

“ही कावीळ नाही. यातलं एक जीवनसत्त्व शरीराला नको होतं, ते त्याने बाहेर टाकलं. काही तर अशी बाहेरही पडत नाहीत, अंगात साठून त्रास देतात. तुम्ही धडधाकट आहात, भाकर, वरण, भाजी, अंडी खाता. तुम्हाला याची गरज नाही. पोरीला पाजा आधी.”

तिथेच बाकावर धम्मदीपा प्यायला लागली. माझी ताकद इतके दिवस मोरीतून वाहून जात होती, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण ते घुटके ऐकून बरंच वाटलं.

“मंग मले द्या त्या,” भागिरथाबाई म्हणाल्या. “वाया कायले घालवता? मुंग्या येतात माह्या पायाले.”

डॉक्टर थबकल्या. “केव्हापासून?”

“लय दिवस झाले. म्हतारपण हाये, सांगाचं काय त्यात.”

त्यांचंही रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व फार कमी निघालं, मुंग्या त्यामुळेच येत होत्या. त्यासाठी मी पुरणार नव्हते. त्यांना इंजेक्शनं सुरू झाली. आता त्या भिंत न धरता अंगणात जातात.

माझ्यातल्या गोळ्या गेल्या. मला धुऊन पौर्णिमाने माझ्यात जवसाची चटणी भरली. रोज ताटाजवळ बसायला मिळतं, आणखी काय हवं? त्या डॉक्टरांचे आणि त्या रडक्या पोरीचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, ताकदीच्या गोळ्या घरात येण्याआधी त्या खरंच कुणाला हव्यात, हे डॉक्टरांना विचारा. आणि आज तुमच्या आजीजवळ जरा बसा. पायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, तेवढं विचारा. ती ‘काही नाही रे’ म्हणेल. तुम्ही उठू नका, पुन्हा विचारा.