चोरखिसा

…टाका बारीक, सरळ, एकसारखा, आणि नको तिथे. राधाकृष्ण मास्तरांनी जाकीट पुन्हा उलटं केलं. काळ्या अस्तरावर वरून खालपर्यंत गिटारच्या सहा चंदेरी तारा — लेकीनं, निकितानं, स्वतः काढून छापून आणलेल्या — आणि त्यातल्या तीन तारांवर, डावीकडे, काळजाशी, एक चोरखिसा. एकाला नव्हे, बाराही जाकिटांना.

श्रीरामपुरात चाळीस वर्षं बंड्या शिवल्या. बाजाराला जाणाऱ्या माणसाची बंडी चोरखिशाशिवाय कधी दुकानाबाहेर गेली नाही. पण पोरीनं बजावलं होतं ना — पप्पा, आतल्या तारांना हात लावू नका. तिच्या ब्रँडची ही पहिली खेप, पुण्यातल्या एका रॉक बँडच्या पोरांसाठी. कारखान्याला न देता तिनं विश्वासानं बापाकडे दिली… आणि हातांनी मला न विचारता कारभार उरकला. उसवावं? सॅटिनवर सुईची भोकं राहतात, ती काही केल्या जात नाहीत.

तिचं ते संगीत… दुकानात पहिल्यांदा लावलं तेव्हा मशीनचा पट्टा तुटला समजून मी खाली वाकून बघितलं होतं — किती हसली होती ती — आणि आता ते नसलं तर काजं करायला हात चालत नाही, हे तिला सांगायचं राहूनच गेलं. फार जीव आहे तिच्यावर. या वयात स्वतःच्याच लेकीच्या मनातून उतरायची भीती वाटते.

दुपारी ती आली. जाकीट उलटं करून बघत राहिली. सकाळपासून घोकून ठेवलेलं सगळं मास्तर विसरले.

"हाताची सवय हाय गं. बाप्या मानसाला खिसा लागतोच."

निकितानं खिशात हात घातला, मनगटापर्यंत गेला. ती रागावली नाही, तेच अवघड झालं.

"पप्पा, माझ्या एकाही ड्रेसला तुम्ही कधी खिसा लावला नाही."

एवढंच म्हणाली, आणि बाराही जाकिटं टेबलावर पसरून बसली.

खिसे ठेवायचे की उसवायचे, हे विचारायचं मास्तरांना सुचलंही नाही. शाळेचा निळा फ्रॉक, दिवाळीचा परकर-पोलका, कॉलेजचे पंजाबी ड्रेस… झालरी लावल्या, लेस लावली, इतर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून लावली — आणि खिसा? तिनं मागितला नव्हता म्हणून? की तिला लागेल असं माझ्या मनातच आलं नाही… खाऊचा रुपया मुठीत घट्ट धरून ती शाळेत जायची, आणि ती इवलीशी मूठ किती गोड दिसते म्हणून मी इथूनच, कोपऱ्यावर वळेपर्यंत, कौतुकानं बघत राहायचो.