टायरचा तळ

श्रेयाला खांद्यावर घेऊन रेश्मा पायाच्या चवड्यांवर वजन इकडून तिकडे सरकवत राहायची. बघणाऱ्याला वाटे, लेकराला झोपवतेय. लेकरू झोपतही असे. पण रेश्माच्या मनात तेव्हा वॉल्ट्झ नाचाचा ठेका चालू असायचा, एक ठाम आणि दोन हलके, एक ठाम आणि दोन हलके. पायाखाली पणदऱ्याच्या घरातली शहाबादी फरशी नसायचीच मुळी. असायची ती जहाजावरच्या नाचघराची लाकडी फरशी, जी कधी पुरती थांबत नाही.

त्या फरशीवर नाचायचं म्हणजे पाण्याशी समजुतीनं घ्यावं लागतं. जहाज कललं की पाऊल रोखायचं, त्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याच्या अंगानं पाऊल टाकायचं. नवीन आलेल्या पोरींना हे उमगायला महिना जाई. रेश्माला पहिल्याच दिवशी जमलं. ती भिगवणची. वडिलांचा हायवेला मासळीचा हॉटेल-धंदा, आणि उजनीच्या पाण्यात त्यांची होडी. लहानपणी ती होडीत उभी राहून पळसदेवपर्यंत जायची, वडील ओरडायचे, बस खाली, आणि ती बसायची नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर यायचं. त्याच्या ओल्या ओट्यावर ती गोल गोल फिरायची. तिला तेव्हा बॉलरूम हा शब्दही ठाऊक नव्हता.

तिचा नवरा नागेश पणदऱ्याचा. आजा गजी नाचायचा, रुमाल उडवत, रांगेत. नातवाचे पाय त्याच्यावर गेले. पुण्यात कॉलेजला असताना दोघं एका नाचाच्या क्लासमध्ये भेटले, जोडी जमली, आधी फरशीवर आणि मग घरात. लग्नानंतर दोघं पर्यटकांच्या जहाजावर गेले. सकाळी प्रवाशांना शिकवायचं, संध्याकाळी त्यांच्याबरोबर नाचायचं. बहुतेक प्रवासी म्हातारे. कुणाची बायको गेलेली, कुणाचा नवरा. एक आजी रोज संध्याकाळी मोत्यांचे डूल घालून यायच्या, नागेशच्या खांद्यावर हात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. नागेश नंतर म्हणायचा, "त्या माझ्याबरोबर नाचतच नव्हत्या." रेश्माला ते वाक्य फार आवडायचं. आपल्या हातून कुणाला तरी त्याचं हरवलेलं माणूस घटकाभर परत मिळतं, असं काम जगात दुसरं कुठलं, असं तिला वाटे.

मग श्रेया पोटात राहिली आणि दोघं उतरले.

आता श्रेया भाताची पेज खात होती, खालचे दोन दात दाखवून हसत होती, आणि मुंबईच्या एजन्सीचा फोन आला होता. जहाजावर नाचणारे जोडीनंच घेतात. दोघांना व्हिडिओ कॉलवर नाच करून दाखवायचा होता. बाळंतपणानंतर बाई पूर्वीसारखी नाचते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. जमलं तर दोघं जातील. नाही जमलं तर नागेशला दुसरी जोडीदारीण देतील आणि त्या जोडीची मग मोडतोड करत नाहीत. फोनवरच्या बाईनं हे गोड आवाजात सांगितलं होतं. रेश्माला कळलं, ही एकच वेळ आहे.

सासूला विचारायला ती गोठ्यात गेली. छबूबाई गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होती.

"आत्या, दिवाळीपर्यंत जहाजावर राहावं लागंल."

"आन ही?"

"तुमच्याजवळ राहील, असं वाटत होतं मला."

छबूबाईनं मान वळवली नाही. चरवीत धार वाजत राहिली. रेश्माला वाटलं, झालं, संपलं.

"रडशील तितं," छबूबाई म्हणाली. "पान्हा फुटंल आन रडशील. आमी नुसतं रानात गेलो तरी ब्लाउज भिजायचा."

"व्हय आत्या."

"मग रडून घे आन नाच. हिचं मी बघते. इतक्या गाई संबाळते, हे एवढंसं वासरू न्हाय संबाळणार व्हय?"

रेश्मा तिथंच शेणात बसली आणि सासूच्या पाठीला तिनं कपाळ लावलं. छबूबाई म्हणाली, "सरक, गाय लाथ मारंल."

शेजारच्या सारजाकाकूला हे कळायला वेळ लागला नाही. ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "सून परक्या बाप्यांसंगं नाचती म्हणं जहाजावर."

"नाचती न्हाय, शिकीवती," छबूबाई म्हणाली. "आन बापे कसले, आमच्या मामंजींच्या वयाचे. धरून ठिवलं न्हाय तर पडायचे. पुण्याईचंच काम हाय की."

त्या दिवसांत रेश्मा रोज दुपारी, श्रेया झोपली की, पडवीत पायमोजे घालून सराव करायची. नाचाचे बूट तिनं कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवले होते, ते वापरायची नाही. फिकट सॅटिनचे, बुटक्या रुंद टाचेचे. त्यांचा तळ मऊ, लवदार कातड्याचा असतो. पाय फरशीवर फिरावा पण निसटू नये, इतकाच धरणारा. तो ओला होऊन चालत नाही, मातीत जाऊन चालत नाही. हे बूट ती जहाजाच्या आधीपासून जपत आली होती.

बारामतीत भिगवण रस्त्याला नागेशचा मित्र मानसिंग याचं मंगल कार्यालय होतं. घरात इंटरनेटचा भरवसा नव्हता आणि जागाही नव्हती, म्हणून नाच तिथं दाखवायचं ठरलं. छबूबाईही नेसून निघाली, श्रेयाला मांडीवर घ्यायला. निघताना तिनं एक पिशवी स्वतःच काखेत धरली. "बूट घेतलेत मी," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी लपवल्यासारखं हसू होतं.

कार्यालयात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी चालू होती. खुर्च्यांच्या चळती भिंतीला लावलेल्या, मांडववाले झेंडूच्या माळा सोडत होते, मागं आचारी बुंदी पाडत होता. मधली काळी, चकचकीत फरशी मानसिंगनं पुसून घेतली होती. नागेशनं मोबाइल खुर्चीवर टेकवला. रेश्मानं पिशवी उघडली.

आधी रबर चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला. मग तिनं बूट उलटा केला.

खाली जाड काळं रबर होतं. कडेनं पांढऱ्या दोऱ्याची पक्की शिवण. रबरावर टायरची नक्षी तशीच.

"बाजाराच्या दिवशी लावून घेतलं," छबूबाई म्हणाली. तिला आता राहवत नव्हतं. "कपाट झाडताना बघितलं म्या. तळच न्हाय बुटाला, नुसतं पायपुसनं. एवढं झिजस्तोवर घालती पोरगी आन बोलत न्हाय. त्या लोकांपुढं अशी जाणार व्हय? मोच्याला म्हनलं, ट्रॅक्टरच्या टायरचं लाव. आता जन्मात झिजायचं न्हाय."

नागेशनं बूट हातात घेतला. त्याचा चेहरा उतरला. "आई, हे..."

रेश्मानं त्याच्या दंडावर अंगठा दाबला. जहाजावर नाचताना बोलता येत नाही, तेव्हा त्यांची ही खूण होती. प्रवासी अडखळला, गडबडला, तरी हसत राहा, याला कळू देऊ नको.

"छान झालंय आत्या," ती म्हणाली.

छबूबाईनं समाधानानं पदर सावरला आणि श्रेयाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

नागेश रेश्माला बाजूला घेऊन कुजबुजला. "आज नको. फोन करून सांगतो, उद्या करू."

"उद्या हितं लग्न हाय. आन त्या बाईनं सांगितलंय, आज संध्याकाळी ठरवणार."

"मग मोज्यावर नाच."

"मोज्यावर बघून म्हणतील, हिला टाच झेपत न्हाय आता."

तिनं श्रेयाच्या पिशवीतली पावडर काढली, लेकराच्या अंगाला लावायची, आणि दोन्ही तळांवर चोळली. उरलेली फरशीवर भुरभुरवली. सगळीकडे श्रेयाच्या आंघोळीनंतरचा वास पसरला. तिनं पाय फिरवून पाहिला. फिरला. नागेशकडे बघून ती हसली, आणि त्यालाही जरा धीर आला.

मोबाइलवर ती बाई आली. मागं पांढरी भिंत, गळ्यात बारीक साखळी. "रेडी?" तिनं विचारलं.

गाणं सुरू झालं. नागेशचा हात पाठीवर आला आणि रेश्माला वाटलं, हे शरीर माझंच आहे. इतके महिने ते दूध होतं, झोप नसलेलं होतं, दुखणारी कंबर होतं. आता ते परत तिचं झालं. मान लांब झाली, खांदे खाली उतरले. काळ्या फरशीवर झेंडू उलटे दिसत होते आणि ती त्यांच्यावरून चालली होती. एका वळणावर तिला छबूबाई दिसली. पदर तोंडावर धरलेला, पण डोळे उघडे. लेकानं सुनेला सगळ्यांदेखत असं धरलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती मान खाली घालत नव्हती. श्रेयाचे हात टाळ्या वाजवल्यासारखे हलत होते. मोबाइलमधली बाई मान डोलावत होती.

पावडर तोवर पुसली जात होती.

रेश्माला ते पायात कळलं. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा थोडं जास्त धरत होतं. पुढं फिरकी होती, एका पायावर सगळं वजन टाकून. तिनं नागेशच्या खांद्यावर अंगठा दाबला. त्याला वाटलं, हसत राहा म्हणतेय. तो हसला आणि त्यानं तिला फिरवलं.

अंग फिरलं. पाय तिथंच राहिला.

गुडघ्यातून आलेला आवाज गाण्यातही ऐकू आला. ओली काडी मोडावी तसा. ती बसली नाही, कोसळली. मांडववाल्याच्या हातातली माळ सुटली. मोबाइलमधून ती बाई इंग्रजीत काहीतरी काळजीचं बोलत होती, मग म्हणाली, आधी डॉक्टरकडे जा, बाकीचं मी बघते. तिचा आवाज फोनवरच्याइतकाच गोड होता, आणि रेश्माला त्याच गोडीत सगळं कळून चुकलं.

बारामतीच्या डॉक्टरांनी एमआरआयचा फोटो उजेडाला धरून दाखवला. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला होता. चालता येईल, घरकाम करता येईल, ते म्हणाले, पण असं गिरक्या घेणं विसरा. ऑपरेशन केलं तरी तसा भरवसा देता येत नाही. नागेशनं पुन्हा पुन्हा तेच विचारलं. रेश्मानं एकदाही विचारलं नाही.

जीपनं सगळे परत निघाले. पुढं बसलेली छबूबाई मांडीवरच्या श्रेयाला थोपटत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. मागं नागेश रेश्माचा पाय मांडीवर घेऊन बसला होता.

घरी आल्यावर आई गोठ्यात गेली तसं त्याचं तोंड उघडलं. "मी सांगणार हाय आईला. तिला कळलं पायजे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझं सगळं..."

"तिनं माझी लेक पदरात घेतली होती, नागेश. ठिवून घेते म्हणाली होती. कुणाची सासू म्हणते असं?" तिचा आवाज फाटला, मग सावरला. "काय बोलायचं न्हाय तू. माझी शपथ."

चार दिवस तो म्हणत राहिला, मी जात नाही, इथंच क्लास काढू. पणदऱ्यात वॉल्ट्झ कोण शिकणार होतं. पाचव्या दिवशी एजन्सीचा फोन आला, गोव्याची एक मुलगी आहे म्हणून, आणि तो बोलायला अंगणात गेला. बराच वेळ तो गेटाशी पाठमोरा उभा होता. रेश्मा खिडकीतून त्याचे पाय बघत होती. बोलता बोलता ते वजन बदलत होते, एक ठाम, दोन हलके. त्याला पत्ताही नव्हता. तेव्हा तिला कळलं, हा जाणार. आणि त्यानं जावं असंच तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचंच फार दुखलं.

तो गेल्यावर सारजाकाकू बघायला आली. छबूबाईनं चहा टाकला आणि सांगू लागली.

"नशीब म्हणायचं सारजे. त्या फरशीत तोंड दिसत होतं, अशी गुळगुळीत. मी टायरचा तळ लावून घेतला म्हणून गुडघ्यावर निभावलं. त्या झिजक्या बुटांनी नाचली असती तर डोकंच फुटलं असतं पोरीचं."

"देवानंच बुद्धी दिली तुला," सारजाकाकू म्हणाली.

"व्हय गं." छबूबाईनं आत वळून विचारलं, "व्हय का न्हाय रेश्मे?"

रेश्मा श्रेयाला पेज भरवत होती. "व्हय आत्या," ती म्हणाली.

नागेशचा व्हिडिओ कॉल कधीमधी यायचा. मागं ती लाकडी फरशी दिसायची, कधी कडेला निळ्या झग्याची किनार. तो म्हणाला, डूलवाल्या आजी या फेरीला नव्हत्या. रेश्मानं विचारलं, जहाज हलतंय का? तो म्हणाला, हो, बरंच. ती मोबाइलकडे बघत राहिली. चित्रात ते हलणं दिसत नव्हतं.

एका सकाळी ती पडल्यानंतर पहिल्यांदाच गोठ्यात जायला निघाली. पाय ओढत, गुडघ्याला पट्टा बांधून. गाई नुकत्या धुतल्या होत्या, फरशीवर शेण आणि पाणी. छबूबाई धावत आत गेली आणि फडक्यातून ते बूट घेऊन आली.

"हे घाल. चपलीनं घसरशील पुन्हा."

तिनं स्वतः खाली बसून सुनेच्या पायात ते चढवले, दुखऱ्या पायाला हलकेच धरून. रेश्मानं श्रेयाला कमरेवर घेतलं आणि ओल्या फरशीवर पाऊल टाकलं. सॅटिनवर शेणपाण्याचे शिंतोडे उडाले.

"घसरतंय का?" छबूबाईनं विचारलं.

"न्हाय आत्या."

श्रेया किरकिरायला लागली, तिला झोप आली होती. रेश्मा सवयीनं चवड्यांवर वजन सरकवायला गेली. पाय हलला नाही. तळ जागच्या जागी घट्ट होता. तिनं मग नुसतीच कंबर हलवली, आणि लेकरू तेवढ्यावरही झोपलं.