पुढच्या डाव्या चाकाची काळी पूड

मित्रांनो, एका मोटारीचं पुढचं डावं चाक म्हणून माझी सारी हयात गेली. माझा जन्म भट्टीतला. वितळलेला मिश्रधातू साच्यात ओतला आणि पाच आऱ्यांचा मी बाहेर पडलो. रूपाचा मला गर्व होता, हे कबूल करतो.

आमची मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. शिकाऊ माणसं म्हणजे पावलोपावली ब्रेक. ब्रेकचे पॅड झिजतात आणि त्यांची काळी पूड आम्हा चाकांवर बसते. ती धुण्याचं काम बाईंच्या यजमानांकडे होतं. ते, म्हणजे आमचे काका, निवृत्त शिंपी. कॉलर बसवावी तशा निगुतीनं ते एकेक आरा पुसत.

पण एका वर्षी मी एकटाच काळा पडू लागलो. सकाळी धुतलं की संध्याकाळी कोळसा.

"अहो, तीन चाकं लख्ख आणि याच्याशीच सावत्रपणा का?" बाई म्हणाल्या.

"अगं, सगळ्यांत जास्त यालाच घासतो."

"दिसतंय की."

काकांच्या ते जिव्हारी लागलं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. रागाच्या भरात त्यांनी फरशी धुण्याचं ॲसिड माझ्यावर ओतलं. पूड गेली, पण माझी चकाकीही गेली आणि अंगावर पांढरे डाग उठले. काका ओशाळून तिथंच बसले. मला फार वाईट वाटलं, कारण दोष त्यांचा नव्हता आणि मला तर वाचा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिकाऊंना घेऊन बाई मोठ्या उतारावर जाणार होत्या. आधी त्या एक फेरी मारून आल्या, तर मी पुन्हा काळा. काका वाकून बघू लागले. इस्त्री तापली का हे पाहायला शिंपी ओलं बोट टेकवतात. त्याच सवयीनं त्यांनी माझ्या मध्यभागी बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं. मग उजव्या चाकाला लावलं. ते जेमतेम कोमट होतं.

"आज गाडी हलणार नाही," ते म्हणाले.

"अहो, मुलं खोळंबलीत."

"खोळंबू देत. या चाकाचा ब्रेक सुटतच नाहीये."

मेकॅनिकनं मला उतरवलं. पॅड झिजून कागदाएवढा पातळ उरला होता.

"ब्रेक अडकून सारखा घासत होता. उतारावर दगा दिला असता, मॅडम. ओळखलं कुणी?"

"यांनी," बाई म्हणाल्या. "आणि मी यांनाच बोल लावत होते."

काकांची मान ताठ झाली होती. मित्रांनो, माझी तर छाती फुगली!

ब्रेक दुरुस्त झाला आणि पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर एक म्हैस आडवी आली. शिकाऊ मुलीनं घाबरून ब्रेक दाबला आणि मोटार जागच्या जागी थांबली. म्हैस आरामात निघून गेली.

म्हणून सांगतो, चाकं थंड झाल्यावर साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. ॲसिड लावू नका. आणि एखादं चाक सारखं काळं पडत असेल, तर धुणाऱ्याला बोलण्याआधी ब्रेक दाखवून आणा.