धाकटीचे निरोप

धाकटीच्या घरात आईबाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालं की लोक दोन दिवस अबोला धरतात, तसं नव्हे. तब्बल सात वर्षं. थोरली बहीण बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली आणि तिची बॅग आईनेच भरून दिली होती, हे बाबांना कळलं. त्या दिवशी ते म्हणाले, "आजपासून तुझं-माझं बोलणं संपलं." रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलून जातो. पण आईने तो शब्द जो धरला तो सोडलाच नाही. तीही काही कमी हट्टी नव्हती. आणि दोन खोल्यांच्या त्या घरात, मधल्या दारात, अकरा वर्षांची धाकटी उभी राहिली ती राहिलीच.

"तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ नाहीये."

"तुझ्या बाबांना सांग, मिठाचा डबा समोरच आहे. हात झिजणार नाहीत."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर. दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येई. तरीही धाकटीने ते वाक्य पलीकडे नेऊन ठेवल्याशिवाय ते पोचलं असं कोणी धरत नसे. सुरुवातीला ती शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगे. पुढे शहाणी झाली. "डोळे फुटलेत का तिचे, माझा चष्मा केरात टाकला" असं बाबांकडून आलं की ती म्हणे, "आई, बाबांचा चष्मा दिसला का गं?" गंमत म्हणजे आई मूळ वाक्य ऐकूनही उत्तर द्यायची ते या मवाळ वाक्याला. बाबा छापखान्यात पुस्तकांची बांधणी करत, त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास. आई घरी बसून शर्टांची काजं-बटणं करी. दोघंही कामाला वाघ. दोघंही तशी भली माणसं. फक्त धाकटीचं स्वतःचं बोलणं त्या घरात कधी कुणी ऐकलं नाही.

वरच्या मजल्यावर करकटक राहायचा. हे नाव गणिताच्या मास्तरांनी कंपासपेटीतल्या करकटकावरून ठेवलेलं. पाय इतके लांब आणि काटकुळे, की चालताना जमिनीवर वर्तुळ काढत निघाल्यासारखा दिसे. त्याचे वडील परदेशी कामाला गेले ते तिकडचेच झाले. घरी तो आणि आई, दोघंच. आई मोठ्या दवाखान्यात परिचारिका. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणे. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाच्या म्हाताऱ्याची जखम धुवायची असो, सिस्टर कधी नाही म्हणाली नाही. "हाताला गुण आहे बाईच्या," असं सगळे म्हणत.

त्याच हाताने ती पोराला पट्ट्याने मारायची.

धाकटीला हे कळलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, जिन्याच्या वळणावर. घरात वाक्यं वाहून कंटाळली की ती तिथे येऊन बसे. एका सकाळी करकटक वरून उतरला आणि भिंतीला न टेकता, अंग चोरून तिच्या शेजारी बसला. मानेवर लाल वळ होता.

"मांजराने ओरबाडलं," तो न विचारताच म्हणाला.

"तुमचं मांजर पट्टा वापरतं?" धाकटी म्हणाली.

तो आधी चमकला आणि मग खदखदून हसला. हसताना पाठ दुखली म्हणून कळवळला, आणि तरी हसत राहिला. तेव्हापासून ती जागा दोघांची झाली.

तिला त्याने हळूहळू सगळं सांगितलं. सिस्टर रात्रपाळी करून येते. दारात चप्पल वाकडी दिसली, पेला विसळायचा राहिला, एवढं पुरतं. संध्याकाळी तीच मलम घेऊन बसते. "मारतानाही रडते आणि मलम लावतानाही रडते. मी नेमकं कधी रडायचं तेच कळत नाही मला," तो म्हणाला. धाकटीने एकदा धीर करून आईला सांगून पाहिलं. आईने सुई तोंडात धरूनच तिच्याकडे पाहिलं. "सिस्टर? काहीतरीच काय बोलतेस! देवमाणूस आहे ती." विषय तिथेच मिटला. धाकटीने परत कुणाला काही सांगितलं नाही.

वर्षं गेली. करकटक तांत्रिक शाळेत लेथ यंत्रावर काम शिकू लागला, धाकटी एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली. तो आता आईपेक्षा हातभर उंच होता, तरी मार थांबला नव्हता. "हात धर ना तिचा," धाकटी एकदा चिडून म्हणाली. तो म्हणाला, "धरला होता. एवढंसं मनगट गं तिचं. मलाच भीती वाटली."

एकदा त्याच्या बोटात लोखंडाचा बारीक कीस घुसला. धाकटीने आईची सुई आणली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि उजेडाकडे वळवून कीस काढू लागली. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. कीस निघाला, पण हात कुणी सोडला नाही. सात वर्षं एकाच पायरीवर बसणाऱ्या त्या दोघांना एकाएकी गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. "रक्त येत नाहीये," तो म्हणाला. "हो, येत नाहीये," ती म्हणाली. मग दोघंही उठून आपापल्या घरी पळाली.

त्यानंतरच्या एका रविवारी तो म्हणाला, "आज इथे नको. बाहेर जाऊ." दोघं पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर जाऊन बसली. त्याच्या खिशात पत्र होतं. दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात त्याला घेतलं होतं, पंधरा दिवसांनी हजर व्हायचं होतं.

"तू पण चल," तो म्हणाला.

"मी काय म्हणून येऊ?"

"म्हणजे काय, काय म्हणून?" त्याचे कान लाल झाले. "मला दुसरं कोण आहे?"

"हे काही विचारणं झालं?" ती म्हणाली, पण तिला हसू फुटलं होतं. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "मला तू आवडतेस. कधीपासून ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही." ते ऐकून तिला रडू आलं. घरात कुणी तिला उद्देशून, तिच्याबद्दल, एक अख्खं वाक्य बोललं त्याला किती काळ लोटला होता! चार वाजता घरी परतायचं तिने कबूल केलं होतं. सहा वाजून गेले तेव्हा ती उठली.

घरी बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिला पाहून म्हणाले, "मघाशी आत काहीतरी पडलं. तुझ्या आईला विचार, काय पडलं."

ती आत गेली. शिवणाचं मशीन आणि पलंग यांच्यामधल्या अरुंद जागेत आई पडली होती. डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात अंगाखाली दुमडलेला. भोवती बटणं सांडली होती.

"बाबा!" ती किंचाळली. "मघाशी म्हणजे कधी?"

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. "तीन... तीनचा सुमार असेल. मला वाटलं, तू येशीलच एवढ्यात."

आई जगली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. ते सहज म्हणाले. रोज दहा जणांना सांगत असतील. बाबांनी ते ऐकलं आणि वॉर्डबाहेरच्या बाकावर दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून बसले. मग उठून आत गेले. पलंगाशी उभे राहून, सात वर्षांनी, बायकोला म्हणाले, "मी आहे इथे. काय हवं तुला?"

आईला मान तेवढी हलवता येत होती. तिने ती भिंतीकडे वळवली.

वॉर्ड सिस्टरचाच होता. तिने आईची केली तशी सेवा पोटची मुलगीही करणार नाही. कोमट पाण्याने अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, ओठांवर आलेली लाळ इतकी हळुवार टिपायची की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. धाकटी ते हात बघत राहायची. आठव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुम्ही त्याला मारता, ते मला माहीत आहे. पहिल्यापासून."

सिस्टरचे हात थांबले नाहीत. चादरीची कड तिने गादीखाली नीट खोचली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "इथे पाळीभर सगळ्यांचं ऐकते, सगळ्यांचं करते. कधी कुणावर आवाज चढवला नाही मी. दारात पाय टाकला की काय होतं कळत नाही. हात माझा राहत नाही."

धाकटीने अंग पुसायचा ओला फडका पिळून वाळत घातला.

"त्याच्या नोकरीचं पत्र पाहिलंय मी," सिस्टर म्हणाली. "त्याला सांग पोरी, आई जा म्हणाली. आणि म्हणावं, जमलं तर..."

"नाही," धाकटी म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली. "मी नाही सांगणार. तुमचा मुलगा आहे. तुम्ही सांगा."

आईला घरी आणलं. करकटक रोज तिला उचलायला, बसवायला येई. जायच्या आदल्या दिवशी त्याने धाकटीला जिन्यात गाठलं.

"चलतेस ना?"

"आईची कूस कोण बदलणार?"

"बाबा आहेत की."

"बाबांनी हात लावला तरी ती अंग आखडून घेते."

तो कठड्याला टेकला. "तुला वाटतं ना, की त्या दिवशी आपण टाकीपाशी नसतो तर हे झालं नसतं? माझ्यामुळे झालं?"

ती एक शब्द बोलली असती तरी पुरलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे घड्याळ आलं. तीनपासून सहापर्यंतचं. तिने मान खाली घातली आणि गप्प बसली. गप्प बसून माणसाला कसं घायाळ करतात, हे तिच्याइतकं कुणी जवळून पाहिलं नव्हतं. तरी ती गप्पच बसली. तो दोन-दोन पायऱ्या चढून वर गेला. पहाटेच्या गाडीने निघून गेला.

पुढचे आठ महिने आठ वर्षांसारखे गेले. सकाळी आईचं करायचं, दुपारी दुकानात कागदांच्या प्रती काढायच्या, संध्याकाळी परत आईचं. थोरली येऊन रडून गेली, तिला तिची लहान मुलं होती. करकटकचा फोन येई. "कशी आहेस?" "बरी आहे." "आई?" "आहे तशीच." मग दोघंही फोन कानाला लावून ऐकत बसत. तिला म्हणायचं असे, तुझ्यामुळे नाही रे झालं. जिभेवर येई आणि परत जाई.

बाबांनी छापखान्यातून लवकर सुटायची मुभा मागून घेतली. रोज पलंगाशी बसून आईला दिवसभराचं सांगत. आज कुठलं पुस्तक बांधायला आलं, शिलाई कुठे सुटली होती, कोण काय म्हणालं. आई भिंतीकडे बघत पडून राही. ते बोलतच राहत. सहाव्या महिन्यात एकदा त्यांनी तिची कूस बदलली तेव्हा तिने अंग आखडलं नाही. तिने त्यांना माफ केलं का, की नुसती थकली, ते कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून धाकटी शेजारच्या खोलीत झोपू शकली.

एका शनिवारी बाबा स्वतःच म्हणाले, "जाऊन ये त्याच्याकडे. मी आहे." मग जरा अडखळून, "जे काय मनात असेल ते बोलून ये बाई. साठवू नकोस."

चार तासांचा प्रवास करून ती त्याच्या खोलीवर पोचली. एक खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर कारखान्याची भिंत. तो आणखी वाळला होता. हातांवर भाजल्याचे बारीक डाग होते. दोघं खाटेच्या दोन टोकांना बसली.

"माझी आई स्वतः सांगायला आली होती," तो म्हणाला. "निघायच्या पहाटे. 'जा, आणि परत येऊ नकोस,' एवढंच म्हणाली. हाकलून दिलं की सोडून दिलं, अजून कळत नाही."

"फोन करते?"

"करते. जेवलास का विचारते. मग रडते."

धाकटीने श्वास घेतला. "ऐक. त्या दिवशी जिन्यात तू विचारलंस आणि मी बोलले नाही. तुझ्यामुळे झालं असं मला वाटत होतं. थोडं अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू? माझ्यामुळे झालं असंही वाटतं, बाबांमुळेही वाटतं. पण तू मला हवा आहेस. हे सगळं वाटत असूनही."

"थोडं म्हणजे किती?" त्याने विचारलं.

"मोजलं नाही."

त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि डोळे भरले. तिला त्याच्या कपाळावर आलेले केस मागे सारावेसे वाटले. तिने हात उचलला. तो झटकन मागे सरकला, डोळे मिटून, खांदा वर करून. त्याच्या काही लक्षात यायच्या आत अंगच सरकलं होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "तुला नाही गं. ते आपोआप होतं."

"माहीत आहे मला."

तिने हात मागे घेतला नाही आणि पुढेही नेला नाही. दोघांच्या मधे, त्याला दिसेल असा, खाटेवर उताणा ठेवला. परतीची गाडी पाच वाजता होती, अजून दोन तास होते. कारखान्याचा भोंगा झाला, भिंतीपलीकडे पाळी बदलली, माणसांचा गलका आला आणि ओसरला. केव्हातरी त्याने आपलं बोट तिच्या तळहातावर टेकवलं, आणि ती न हलता बसून राहिली.