काशीत सोडलेली गोळी

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे, आणि मानवी देहाचं एक थोर रहस्य माझ्या पोटात आहे. लालबागच्या चाळीत मात्र मला साबणाची वडी समजून एकदा मोरीवर ठेवण्यात आलं.

मित्रांनो, परळच्या एका रुग्णालयात लक्ष्मीकाकूंच्या स्तनातली गाठ काढली. तिचा तुकडा मेणात बसवला, तोच मी. तपासणीत माझ्या पेशींत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रिसेप्टर भरपूर निघाले. रिसेप्टर म्हणजे पेशीची बेल. संप्रेरकाने ती दाबली की पेशी वाढायला लागते. बेल दाबू न देणारी गोळी काकूंना रोज घ्यायची होती.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला काकूंचा मुलगा हितेंद्र मला लालबागला घरी घेऊन आला, आणि मी देवघराखालच्या खणात राहिलो तो राहिलोच.

गोळीमुळे काकूंच्या अंगातून गरम वाफा निघत. अशात त्या काशीला जाऊन आल्या. तिथे आवडीची एखादी वस्तू कायमची सोडायची असते.

"आई, काय सोडलंत?" सून अपेक्षाने विचारलं.

"गोळी."

"अहो, आवडतं ते सोडायचं असतं!"

"मगे काय बांगडो सोडू?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू पेशीतले हुकूम वाटेत अडवतात. त्यातले काही पेशीला जागा सोडू देत नाहीत. माझ्या पेशींत नेमके तेच कमी होते. पेशींची निघायची तयारी झालेली. अडवायला उरली होती ती गोळी. पण ही तपासणी तेव्हा कुणी केली नव्हती, आणि मला तोंड नव्हतं.

पुढे काकूंची कंबर धरली. रोग हाडात पोचला होता. हाडातल्या गाठीचा तुकडा जुन्या गाठीशी ताडून पाहायला हितेंद्रने मला खिशातून परळला नेलं. निकाल आला तेव्हा मी डॉक्टर अनुजांच्या टेबलावरच होतो. माझ्यातली मायक्रोआरएनएची उणीव आता दिसली. रिसेप्टर मात्र नव्या गाठीतही होते, म्हणजे उपाय होता.

काकू अडून बसल्या. "काशीत सोडलेला परत तोंडात घालूचा नाय."

"आई, जिवापेक्षा काशी मोठी काय गं?" हितेंद्र कळवळून म्हणाला.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "काकू, हे इंजेक्शन आहे. तोंडात जात नाही."

काकूंनी विचार केला. "मगे चलात."

इंजेक्शन रोगाला थोपवून धरतं. हाडात गेलेल्या पेशींना परत आणत नाही. गोळी चालू असती तर कदाचित रोग तिथवर गेलाच नसता. याची हळहळ मला आहे, काकूंना आहे की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, औषध सोडावंसं वाटलं, तर आधी डॉक्टरांना सांगा. वाफांवरही उपाय असतो. आणि लॅबवाल्यांनो, मी आता तुमच्याकडेच असतो, तेव्हा माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. चटका बसतो.