टर्नरच्या डोळ्यातला कण

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण वगैरे गेला होता?" टेक्निशियन बाईंनी फॉर्मवरून नजर न काढता विचारलं.

"नाही," हे म्हणाले.

पेसमेकर नाही, डोक्यात क्लिप नाही, कानात मशीन नाही, असं सगळं ऐकत मी मान डोलवत होते. या 'नाही'ला माझी मान थांबली. ह्यांनी छत्तीस वर्षं लेथवर टर्नरचं काम केलं. लोखंड गरगरा फिरतं, त्याला कापायचं हत्यार टेकतं आणि कीस उडतो. गॉगल लावला की काचेवर वाफ धरते, माप दिसत नाही, म्हणून ह्यांचा गॉगल जन्मभर खिळ्याला लटकलेला. संध्याकाळी घरी आले की खिडकीशी बसायचं, मान मागे टाकायची आणि मी ओल्या रुमालाच्या टोकाने कण काढायचा. टर्नर लोक याला डोळ्यात काही गेलं असं म्हणतच नाहीत. बोट तुटलं तर ते लागणं, बाकी सगळं कामच. म्हणजे हे खोटं बोलत नव्हते, आणि तीच तर पंचाईत होती.

"अहो, सांगा ना त्यांना," मी कुजबुजले.

"काय सांगू?"

"कण."

"ते काय मोजायचे! गप्प बस. नंबर जाईल आपला."

नंबर जाण्याची भीती मलाही होतीच. गेल्या महिन्यात ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला आणि दहा मिनिटं तो हात परक्यासारखा मांडीवर पडून राहिला. मग आपोआप शुद्धीवर आला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके चुकतात, तिथे गुठळी होते आणि मेंदूकडे जाते. रक्त पातळ करणारी गोळी हवी. पण सीटी स्कॅनमध्ये एक पुसट डाग होता. तो जुन्या रक्तस्रावाचा असेल आणि तसे आणखी बारीक ठिपके असतील, तर हीच गोळी मेंदूत रक्तस्राव करू शकते. ठिपके आहेत की नाहीत, ते एमआरआयच सांगेल. इकडे आड, तिकडे विहीर. आठ दिवस जीव टांगणीला लावून आम्ही या नंबरची वाट पाहिली होती.

बाईंनी फॉर्म सहीसाठी पुढे केला. ह्यांनी पेन उचललं.

"गेलाय कण," मी म्हणाले. "एकदा नाही, शेकडो वेळा. मीच काढलेत."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर कारखान्यात त्यांची चोरी पकडून दिली. बाईंनी शांतपणे फॉर्म मागे घेतला आणि आम्हाला डोळ्यांच्या एक्स-रेला पाठवलं.

अर्ध्या तासाने त्यांनी फिल्म उजेडात धरली. डाव्या डोळ्याच्या जागी पांढरा ठिपका होता, रव्याच्या दाण्याएवढा.

"बरं झालं बोललात. आत मोठा लोहचुंबक असतो, कण हलला असता. डोळाच गेला असता. आता यांचा एमआरआय होणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण!" हे एवढंच बोलले.

मला रडू आलं. डोळा वाचवला म्हणावं, तर डोक्यातलं कळायची वाट मीच बंद केली होती. आणि एवढे कण काढले, तर हा एक माझ्या रुमालातून निसटला कसा, हेही मनातून जाईना.

डॉक्टरीण बाईंनी सीटी पुन्हा पाहिला, रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवले. "हृदयावरचा ताण सांगणारा आकडा बराच वाढलाय, म्हणजे गुठळीचा धोका मोठा. हिमोग्लोबिन, किडनी ठीक आहे. डाग एकच दिसतोय. माझ्या मते गोळी सुरू करावी."

"ठिपके नाहीत ना पण?" ह्यांनी विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येणार. सीटीत ते दिसत नाहीत."

"म्हणजे माप न घेताच कापायचं."

"हो काका. हाती जेवढी मापं आहेत, तेवढ्यावरच. डोकं खूप दुखलं, बोलणं अडखळलं तर तडक इकडे यायचं. डोकं आपटायचं नाही, कापून घ्यायचं नाही."

घरी आल्याबरोबर हे मागच्या शेडमध्ये गेले. निवृत्तीनंतर घेतलेला छोटा लेथ तिथे आहे. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी धावत गेले. हे लेथला तेल लावत होते. पुसून झाल्यावर त्यांनी त्यावर जुनी चादर घातली आणि चारी टोकं नीट खोचली.

मग बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर घेऊन स्वयंपाकघरात आले. मी पाण्याचा पेला आणि गोळी पुढे ठेवली.

"बसा," मी म्हणाले. "रागावलात?"

"तुझ्यावर कशाला? तू खरं तेच सांगितलंस."

त्यांनी गोळी मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली, अंगठ्याने हळूच फिरवली, खिडकीच्या उजेडाकडे नेली. चांगला डोळा बारीक केला.

"आठ पॉइंट शून्य दोन मिलिमीटर," ते म्हणाले.

मी फोन नंबरांच्या वहीत तारीख घातली आणि पुढे तो आकडा लिहिला. मग त्यांनी गोळी तोंडात टाकली.